अपंग पोहणाऱ्यांच्या स्पर्धा : वर्ग कसे ठरतात आणि संधी कोठे आहेत



लागण, खते, पाणी आणि गाळप यांची माहिती आम्ही या पानांतून नेहमी देतो. आज एका वेगळ्या विषयाकडे लक्ष वेधावयाचे आहे. कोणत्याही ऊसपट्ट्यात दहा वाड्या-वस्त्या फिरा, एखादे तरी घर असे सापडते की ज्या घरात कुणाचा पाय लहानपणी पोलिओने गेला आहे, कुणाचा हात कडबाकुट्टीत सापडला आहे, कुणाला मोटारीच्या तारेचा शॉक बसून हात गमवावा लागला आहे, तर कुणाला जन्मापासून दिसत नाही. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ साली आढळला, ही समाधानाची गोष्ट. परंतु अपघात आणि जन्मजात व्यंग थांबलेले नाही.

अशा मुलाला घरात जीव लावला जातो, खायला-प्यायला कमी पडत नाही. पण विहिरीवर इतर पोरे पोहायला निघाली की त्याला मात्र काठावर बसवले जाते. “तुला न्हाई जमायचं, तू कपडे सांभाळ,” असे म्हटले जाते. त्यात कुणाची वाईट भावना नसते, काळजीच असते. परंतु हातापायाने अधू असलेल्या माणसासाठी पोहणे हा फार सोयीचा खेळ आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. पाणी शरीराचा भार उचलून धरते. जमिनीवर ज्याला कुबडी लागते, त्याला पाण्यात कुबडी लागत नाही. शिवाय या खेळाच्या रीतसर स्पर्धा आहेत, त्या गावापासून जगापर्यंत पोचलेल्या आहेत आणि त्यांत प्रत्येकाला आपल्या जोडीच्या माणसाशीच झुंजावयाचे असते. ही जोड कशी लावतात, हाच आजच्या लेखाचा मुख्य विषय आहे.

आपल्याच मातीतले दोन दाखले

प्रथम श्री. मुरलीकांत पेटकर यांचे नाव घ्यावयास हवे. सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातले पेठ हे त्यांचे गाव, म्हणजे भर ऊसपट्टा. ते सैन्यात होते व चांगले मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, मणक्याला इजा झाली आणि कमरेखालचे बळ गेले. उपचार म्हणून पोहणे सुरू झाले. पुढे १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिंपिक स्पर्धा झाल्या. तेथे त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत ३७.३३ सेकंदांत पूर्ण करून सुवर्णपदक मिळवले. त्या वेळचा तो जागतिक विक्रम होता. पॅरालिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणारे ते पहिले भारतीय. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि अर्जुन पुरस्कार हाती पडायला मात्र जानेवारी २०२५ उजाडला. २०२४ साली त्यांच्या जीवनावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट निघाला, तो अनेकांनी पाहिला असेल.

दुसरे नाव सोलापूर जिल्ह्यातील श्री. सुयश जाधव यांचे. शाळकरी वयात विजेच्या धक्क्याने त्यांचे दोन्ही हात कोपराखाली गेले. हाच मुलगा पुढे २०१६ च्या रिओ आणि २०२१ साली झालेल्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये भारताकडून पोहला. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक घेतले आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

ही दोन नावे ऐकून कुणी म्हणेल, की एकाचे पाय गेलेले आणि एकाचे हात. मग दोघे एका शर्यतीत उतरले तर न्याय कसा होणार? प्रश्न रास्त आहे. त्याचेच उत्तर म्हणजे वर्गवारी.

वर्ग कशासाठी?

आपण शेतकऱ्यांना ही गोष्ट समजावयास जड नाही. ऊस पीक स्पर्धेत आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांचे वेगवेगळे नंबर काढतात. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा राहतो. त्याचे एकरी टनेज खोडव्यापेक्षा जास्त येणार, यात शेतकऱ्याच्या कष्टाचा भाग थोडा आणि मुदतीचा जास्त. म्हणून आडसालीची तुलना आडसालीशी आणि खोडव्याची खोडव्याशी. असे केले म्हणजे मेहनत कुणाची जास्त, हे खरे समजते.

पोहण्याच्या वर्गवारीत नेमके हेच तत्त्व आहे. अपंगत्वामुळे जो फरक पडतो, तो वर्ग पाडून शक्य तितका बाजूला ठेवावयाचा. मग जे उरते ते कसब, सराव आणि जिद्द. त्यावर नंबर.

सुरुवातीला ही पद्धत अशी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील इस्पितळात डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४८ साली धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. सोळा जण त्यात उतरले होते. त्यातूनच पुढे १९६० साली रोम येथे पहिले पॅरालिंपिक भरले आणि पोहणे त्यात पहिल्यापासून आहे. त्या काळी वर्ग ठरे तो डॉक्टरी निदानावर, म्हणजे मणक्याची इजा कोणत्या पातळीवर आहे त्यावर. पुढे १९७६ साली टोरांटोत हातपाय गमावलेले आणि अंध खेळाडू सामील झाले. निदानागणिक वेगळा वर्ग करता करता वर्ग फार झाले आणि एकेका शर्यतीत उतरणारे थोडे. म्हणून १९९२ च्या बार्सिलोना पॅरालिंपिकपासून हातापायाच्या अपंगत्वासाठी नवी पद्धत आली. रोग कोणता झाला हे न विचारता, पाण्यात शरीर काय काम करू शकते हे पाहावयाचे, असे ठरले. म्हणूनच आज पोलिओने पाय गेलेला आणि अपघाताने पाय गेलेला असे दोघे एका वर्गात शेजारी शेजारी पोहू शकतात.

अक्षरे आणि आकडे

वर्गाच्या नावात आधी अक्षर आणि मग आकडा असतो. ‘एस’ म्हणजे फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लाय या तीन प्रकारांचा वर्ग. ‘एसबी’ हा ब्रेस्टस्ट्रोकचा, म्हणजे बेडकासारखे हातपाय मारून पोहण्याचा. त्यात पायांच्या रेट्यावर जास्त भिस्त असते, म्हणून त्याचा वर्ग निराळा. एखादा खेळाडू फ्रीस्टाइलला एका आकड्यात आणि ब्रेस्टस्ट्रोकला दुसऱ्या आकड्यात असू शकतो. ‘एसएम’ हा मेडलेचा, म्हणजे सर्व प्रकार एकामागून एक पोहण्याच्या शर्यतीचा.

आकड्याचा अर्थ असा : १ ते १० हे शारीरिक अपंगत्वाचे वर्ग (ब्रेस्टस्ट्रोकला १ ते ९), ११ ते १३ हे दृष्टीचे आणि १४ हा बौद्धिक अपंगत्वाचा. शारीरिक वर्गांत आकडा जितका लहान तितके अपंगत्व जास्त. हे ध्यानात ठेवावे, कारण शाळेतल्या नंबरासारखा पहिला म्हणजे वरचा असा समज होण्याचा संभव आहे.

सर्वसाधारण कल्पना यावी म्हणून काही वर्ग खाली देत आहोत. ही उदाहरणे ढोबळ आहेत. प्रत्यक्ष वर्ग तपासणीतच ठरतो.

एस-१ व एस-२ : मानेजवळच्या मणक्याला इजा होऊन चारही हातापायांचे बळ गेलेले.
एस-४ : हात चालतात, पण पंजात थोडी कमजोरी आहे, धड आणि पाय यांचा उपयोग नाही. तीन अवयव गमावलेलेही येथे येऊ शकतात.
एस-५ : कमरेखालचे बळ गेलेले, किंवा शरीराच्या एका बाजूवर ताबा नसलेले.
एस-६ : फार ठेंगणी शरीरयष्टी असलेले, किंवा दोन्ही बाहू गमावलेले.
एस-७ : दोन्ही पाय गमावलेले, किंवा एका बाजूचा हात व दुसऱ्या बाजूचा पाय गमावलेले. श्री. सुयश जाधव याच वर्गात पोहले.
एस-८ : एक पूर्ण हात गमावलेले, किंवा दोन्ही पंजे नसलेले.
एस-९ : दोन्ही पाय गुडघ्याखाली गेलेले, किंवा एका पायाच्या सांध्यांची हालचाल अडलेली.
एस-१० : एक पंजा किंवा दोन्ही पावले नसलेले, किंवा एका खुब्याची हालचाल फार कमी असलेले.

दृष्टीच्या तीन वर्गांत एस-११ मध्ये जवळजवळ काहीच न दिसणारे असतात. एस-१२ मध्ये थोडेफार दिसणारे आणि एस-१३ मध्ये त्याहून बरे दिसणारे, पण चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/६० किंवा त्याहून कमी, अथवा नजरेचा आवाका फार आखडलेला. चष्म्याने ज्याची नजर सुधारते तो या स्पर्धेत बसत नाही.

वर्ग कोण आणि कसा ठरवतो?

वर्ग ठरवण्यासाठी प्रशिक्षित परीक्षकांचे मंडळ असते. त्यात वैद्यकीय जाणकार असतो आणि पोहण्याचा जाणकार असतो. तपासणीचे तीन टप्पे आहेत.

पहिला टप्पा बाकावरचा. खेळाडूला बाकावर झोपवून, बसवून स्नायूंचे बळ, सांध्यांची हालचाल, अवयवाची लांबी आणि हालचालीवरील ताबा मोजतात. दुसरा टप्पा पाण्यातला. तेथे तरंगणे, उडी, हात मारणे, पाय मारणे, वळणे हे सारे पाहिले जाते. तिसरा टप्पा प्रत्यक्ष शर्यतीचा. तपासणीत जसा पोहला तसाच शर्यतीत पोहतो की नाही, हे परीक्षक काठावरून पाहतात.

या सर्वाचे गुण मांडतात. गेली अनेक वर्षे चालत आलेल्या पद्धतीत ‘एस’ वर्गासाठी एकूण ३०० गुण धरलेले आहेत : हातांना १३०, पायांना १००, धडाला ५०, सुरुवातीच्या उडीला १० आणि वळणावरील रेट्याला १०. धडधाकट माणसाला पूर्ण ३००. ज्याचे गुण २६६ ते २८५ भरतात तो एस-१०, आणि असे साधारण पंचवीस-पंचवीस गुणांनी खाली येत ४० ते ६५ गुणांचा एस-१. गुण २८५ च्या वर गेले, तर अपंगत्व असूनही त्या खेळाडूला या स्पर्धेत घेत नाहीत, कारण पाण्यात त्याचे फारसे नुकसान होत नाही असे मानले जाते. मेडलेचा वर्ग काढण्याचा हिशेबही गमतीचा आहे. वरच्या वर्गांसाठी ‘एस’ च्या आकड्याची तिप्पट करावयाची, त्यात ‘एसबी’ चा आकडा मिळवावयाचा आणि चाराने भागावयाचे.

एकदा मिळालेला वर्ग कायमचाच असतो असे नाही. वाढत्या वयाच्या मुलाची, किंवा ज्याचा आजार बदलत जातो अशाची पुन्हा तपासणी होते. निर्णय चुकला असे वाटल्यास रीतसर हरकत घेता येते.

टक्के वेगळे, वर्ग वेगळा

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे, कारण पालकांचा घोटाळा येथेच होतो. सरकारी इस्पितळातून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर अपंगत्वाचे टक्के असतात. ४० टक्के व त्याहून अधिक असल्यास सरकारी सवलती लागू होतात. हे टक्के म्हणजे खेळाचा वर्ग नव्हे.

आपल्या भाषेत सांगायचे तर टनेज आणि साखर उतारा या जशा दोन वेगळ्या गोष्टी, तसेच हे आहे. काट्यावर वजन भरपूर भरलेल्या उसाचा उतारा कमी येऊ शकतो. त्याचप्रमाणे प्रमाणपत्रावर टक्के भरपूर असूनही खेळाचा वर्ग मिळत नाही, असे होऊ शकते. उदाहरणार्थ, ज्याला ऐकू येत नाही त्याचे टक्के कितीही असोत, पॅरालिंपिकच्या पोहण्यात त्याला वर्ग नाही. त्याची व्यवस्था निराळी आहे, ती पुढे सांगत आहोत. आणि ज्या दोन मुलांच्या कागदावर सारखेच टक्के आहेत, ती पाण्यात दोन वेगळ्या वर्गांत जाऊ शकतात.

यावरून काय घ्यावयाचे? घरात बसून, कागद पाहून “ह्याला जमेल, त्याला जमणार नाही” असे ठरवू नये. पोरगं पाण्यात काय करू शकतं, हे पाण्यातच कळतं.

शर्यतीतले काही नियम

नियम मूळचे पोहण्याचेच आहेत, पण जेथे अडचण आहे तेथे सवलत आहे. ज्याला उभे राहता येत नाही तो ठोकळ्यावर बसून उडी घेतो, किंवा पाण्यातूनच सुरुवात करतो. तोल जात असेल तर मदतनीस त्याला धरू शकतो, मात्र ढकलून वेग देता येत नाही. बॅकस्ट्रोकच्या सुरुवातीला हाताने दांडी धरता येत नसेल, तर पट्टा किंवा टॉवेल दातांत धरून सुरुवात करणारे खेळाडू आहेत. दोन्ही हात नसलेला चीनचा झेंग ताओ अशीच सुरुवात करतो आणि भिंतीला डोके टेकवून शर्यत संपवतो. टोकियोत त्याने चार सुवर्णपदके घेतली.

कृत्रिम हात किंवा पाय लावून पाण्यात उतरता येत नाही. तो काठावर काढून ठेवावा लागतो.

एस-११ च्या खेळाडूंना पूर्ण काळा केलेला चष्मा घालावा लागतो. कुणाला अंधुक उजेड कळतो, कुणाला तोही कळत नाही. सगळ्यांना सारखाच अंधार, हा त्यामागचा हेतू. भिंत जवळ आली की काठावरचा माणूस, टोकाला मऊ गोळा बसवलेल्या काठीने, पोहणाऱ्याच्या डोक्यावर किंवा पाठीवर हलकेच टोकतो. त्या इशाऱ्यावर खेळाडू वळतो. इशारा जरा लवकर झाला तर वेळ जातो, उशिरा झाला तर हात भिंतीवर आपटतो. म्हणून टोकणारा आणि पोहणारा यांचा सराव एकत्र व्हावा लागतो. नागपूरच्या कांचनमाला पांडे या अंध जलतरणपटूने २०१७ साली मेक्सिको येथील जागतिक स्पर्धेत २०० मीटर मेडलेचे सुवर्णपदक याच वर्गात जिंकले.

रिले शर्यतीत तर वर्गाच्या आकड्यांची बेरीज करतात. ‘३४ गुणांची रिले’ म्हणजे चौघांच्या वर्गांची बेरीज ३४ पेक्षा जास्त होता कामा नये. म्हणजे दहाचा एक, नवाचा एक, आठाचा एक आणि साताचा एक घेतला की चौतीस भरले. सगळे कमी अपंगत्वाचेच घेऊन संघ करता येत नाही. जास्त अपंगत्व असलेल्या खेळाडूचीही संघाला गरज लागते, हा या नियमाचा मोठा गुण आहे.

ऐकू न येणारे आणि बुद्धीने मंद असलेले

कर्णबधिर खेळाडूंच्या जागतिक स्पर्धा पॅरालिंपिकहून जुन्या आहेत. पहिली स्पर्धा १९२४ साली पॅरिसला झाली. आज त्यांना डेफलिंपिक्स म्हणतात. चांगल्या कानाने किमान ५५ डेसिबल इतकी श्रवणशक्ती कमी असली पाहिजे, ही त्यातील अट. कानाचे यंत्र लावून खेळता येत नाही. सुरुवातीचा इशारा दिव्याने देतात. येथे हातापायाचे वर्ग नाहीत. अट पुरी झाली की सर्व एकत्र पोहतात.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी दोन वाटा आहेत. पहिली पॅरालिंपिकमधील एस-१४. त्यासाठी बुद्ध्यंक ७५ किंवा त्याहून कमी आणि रोजच्या व्यवहारात अडचण, आणि हे सर्व वाढीच्या वयापासून असल्याचा पुरावा लागतो. दुसरी वाट स्पेशल ऑलिंपिक्सची. १९६८ साली अमेरिकेत शिकागो येथे या स्पर्धा सुरू झाल्या आणि आपल्या देशात स्पेशल ऑलिंपिक्स भारत ही संस्था त्यांचे काम पाहते. आठ वर्षांपासून पुढे कोणत्याही वयाचा खेळाडू भाग घेऊ शकतो. तेथे आधी प्राथमिक फेरीत वेळ घेतात आणि वय व वेळ पाहून बरोबरीच्या खेळाडूंचे गट पाडतात. पहिल्या तिघांना पदक आणि पुढच्यांना फीत मिळते. ज्या मुलाला आयुष्यात कधी टाळी मिळाली नाही, त्याला तेथे ती मिळते.

लबाडीचा धोका

जेथे वर्ग आले तेथे खालच्या वर्गात घुसण्याचा मोह आला. २००० साली सिडनी पॅरालिंपिकमध्ये स्पेनच्या बौद्धिक अपंगांच्या बास्केटबॉल संघाने सुवर्णपदक जिंकले आणि मागाहून उघड झाले, की बारापैकी दहा खेळाडू अपंग नव्हतेच. पदक काढून घेतले गेले. पण शिक्षा झाली ती खऱ्याखुऱ्या मुलांना. जगभरातल्या बौद्धिक अपंग खेळाडूंना, पोहणाऱ्यांनासुद्धा, पुढे २०१२ च्या लंडन स्पर्धेपर्यंत पॅरालिंपिकचे दार बंद राहिले. काट्यावर एकाने लबाडी केली की साऱ्या गावाच्या गाड्या तपासल्या जातात, तसेच हे. तपासणीत मुद्दाम बळ कमी दाखवणाऱ्यावर बंदी येते. तेव्हा कुणी “जरा कमी करून दाखव” असा सल्ला दिला, तर तो ऐकू नये.

संधी कोणत्या आणि उणीव कोठे?

आपल्या देशात १९९२ पासून भारतीय पॅरालिंपिक समिती काम करते. राज्यातील निवड स्पर्धा, त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धा, मग आशियाई पॅरा, जागतिक आणि पॅरालिंपिक, अशी ही पायऱ्यांची वाट आहे. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एकट्या पोहण्याच्या १४१ शर्यती होत्या. इतकी पदके जेथे ठेवलेली असतात तेथे प्रयत्न करणे शहाणपणाचे आहे.

पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्यास केंद्र सरकारच्या योजनेतून ७५ लाख, रौप्यास ५० लाख आणि कांस्यास ३० लाख रुपये अशी बक्षिसे ठेवलेली आहेत. आपल्या राज्याच्या शिवछत्रपती क्रीडा पुरस्कारांत दिव्यांग खेळाडूंचा वेगळा विभाग आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने पूर्वीच्या सात प्रकारांऐवजी २१ प्रकारचे अपंगत्व मान्य केले आहे, सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव ठेवल्या आहेत आणि खेळात भाग घेण्याचा हक्कही त्यात नोंदवला आहे.

आता उणीव. पॅरिसला भारताने २९ पदके मिळवली. त्यांत पोहण्याचे एकही नाही. पॅरालिंपिकच्या पोहण्यातले आपले एकमेव पदक म्हणजे १९७२ चे श्री. पेटकर यांचे. पन्नास वर्षे उलटून गेली, दुसरे आलेले नाही. २०२३ साली दिल्लीत पहिल्या खेलो इंडिया पॅरा स्पर्धा झाल्या. त्यांत सात खेळ होते, पोहणे नव्हते. पोरांत दम नाही असे म्हणावे तर आशियाई पातळीवर बंगळूरच्या शरथ गायकवाड यांनी २०१४ साली एकाच स्पर्धेत सहा पदके मिळवली होती. दम आहे. तलाव, शिकवणारा आणि तलावापर्यंत नेणारे कुणीतरी, हे तिन्ही एकत्र मिळत नाहीत, असे आम्हास वाटते.

ब्राझीलचा दानियेल दियास जन्मतःच हातापायाने अधू. २००४ च्या अथेन्स स्पर्धेत आपल्याच देशाच्या क्लोदोआल्दो सिल्वा या अपंग जलतरणपटूला पोहताना त्याने दूरदर्शनवर पाहिले आणि तो पाण्यात उतरला. पुढे त्याने पॅरालिंपिकची २७ पदके मिळवली. सांगायचा मुद्दा असा, की पाहिल्याशिवाय पोराला कळत नाही आणि सांगितल्याशिवाय आईबापाला कळत नाही.

घरच्यांनी काय करावे?

१. जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि दिव्यांगांचे ओळखपत्र काढून घ्यावे. खेळाचा वर्ग वेगळा असला तरी हे कागद प्रत्येक ठिकाणी मागतात. जन्माचा दाखला आणि उपचाराचे जुने कागद फेकू नयेत. विशेषतः बौद्धिक अपंगत्वात लहानपणीचे कागद फार उपयोगी पडतात.

२. पाण्यात घालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. फिट येणाऱ्या मुलाला एकटे कधीही सोडू नये. मणक्याची इजा असलेल्यांना पायाला खरचटलेले समजत नाही, जखम चिघळते. म्हणून खडबडीत काठावरून ओढत नेऊ नये, खाली चटई किंवा जाड कापड घालावे. अंगावर उघडी जखम असेल तर ती भरेपर्यंत थांबावे.

३. पूर्वी आपण सारे पाठीला भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत शिकलो. पाण्याची भीती घालवावयास ते ठीक होते. पण अपंग मुलाला विहीर, कालवा किंवा नदी येथे शिकवू नये. कालव्याच्या ओढीत धडधाकट माणूस टिकत नाही. उथळ बाजू असलेला तलाव आणि हाताच्या अंतरावर माणूस, या दोन गोष्टी असल्याखेरीज सुरुवात करू नये.

४. स्पर्धेचे अंतर मोजलेले असते, वळण असते. म्हणून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या तलावावर आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी नेण्याची सोय पाहावी. तेथील शिक्षकांना वर्गवारीची माहिती नसेल तर हा अंक दाखवावा.

५. वर्ग मिळाल्यावर आपल्या वर्गातल्या खेळाडूंच्या वेळेशी आपली वेळ ताडून पाहावी. गावातल्या धडधाकट पोराच्या मागे राहिला म्हणून नाउमेद करू नये. खोडव्याची आडसालीशी तुलना कुणी करत नाही.

आणि मुलींना विसरू नये. मुलगी आणि त्यातून अपंग, म्हणजे घराबाहेर काढायचीच नाही, अशी समजूत अजून कोठे कोठे आहे. कांचनमाला पांडे यांचे पदक त्या समजुतीला पुरेसे उत्तर आहे.

ज्या सहकारी कारखान्यांच्या शिक्षण संकुलांत पोहण्याचे तलाव आहेत, तेथे एक उतरंडीचा रस्ता, काठाला एक दांडी, पाण्यात उतरावयास रुंद पायऱ्या आणि आठवड्याचा एक राखीव तास, एवढे केले तरी पुष्कळ काम होईल. याला मोठा खर्च नाही. आपल्या गावात असे कोण मूल आहे, याची नोंद सभासदांनी आपल्या गट ऑफिसात दिली तर पुढे शाळा, डॉक्टर आणि तलाव यांची गाठ घालून देणे सोपे जाईल.

प्रत्येक मूल पदक आणील असे आम्ही म्हणत नाही. शंभर पोहले तर एखादा राज्यापर्यंत जाईल. परंतु उरलेल्या नव्व्याण्णवांचे खांदे मजबूत होतील, छाती भरेल, झोप चांगली लागेल, चारचौघांत मान वर करून बोलण्याचे धैर्य येईल आणि पाण्यात पडलो तर बुडणार नाही, हा भरवसा येईल. तेवढ्यासाठी सुद्धा काठावर बसलेल्या पोराला, नीट काळजी घेऊन, एकदा पाण्यात उतरवून पाहावे, ही सर्व सभासदांना विनंती.